डेव्हिड पर्लीची मोटार, फणसाच्या लाकडात

फोंड्यातील एका मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, मी यंदा फॉर्म्युला वनमधील एका मोटारीची लाकडी प्रतिकृती करवून घेतली. मूळ मोटार 1977 सालची लेक सीआरपी-1, आणि चालक डेव्हिड पर्ली. इंग्लंडमधील बॉग्नर रेजिस येथे त्याच्या वडिलांचा शीतकपाटांचा कारखाना होता. मोटारीला कारखान्याचे नाव आणि वडिलांची आद्याक्षरे मिळाली. फॉर्म्युला वनमध्ये पर्ली अवघ्या सात शर्यती धावला आणि नवव्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही, म्हणून त्याची मोटार दुकानांत शोधण्यात मी वेळ घालवला नाही.

मला मात्र हाच चालक हवा होता. 29 जुलै 1973 रोजी नेदरलँड्समधील झांडव्होर्टच्या शर्यतीत रॉजर विल्यमसन या चालकाची मोटार उलटून पेटली, तेव्हा पर्लीने आपली शर्यत सोडली, रस्ता ओलांडून तो धावला आणि ती जळती मोटार एकट्याने सरळ करण्यासाठी झटत राहिला. बाकीच्या मोटारी शेजारून जातच होत्या. विल्यमसन वाचला नाही. पर्लीला पुढे जॉर्ज पदक हे ब्रिटिश शौर्यपदक देण्यात आले.

मेस्ताने मोटार विसाव्या भागाच्या प्रमाणात, फणसाच्या मुरलेल्या लाकडात घडवली आहे. रंग मीच नको म्हटले, कारण फणसाचा पिवळेपणा काळाबरोबर गडद होत जातो आणि तो मला पुरेसा वाटतो. इंजिनावरील आठ नळ्या वेगवेगळ्या कातलेल्या आहेत, मागचा पंख एकसंध आहे. सर्वांत मोलाचे काम बैठकीत, म्हणजे प्रतिकृती ज्यावर उभी आहे त्या पाटात, आहे. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गावर 1977 साली थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारी झडप) उघडा अडकल्याने पर्लीची मोटार ताशी सुमारे 173 किलोमीटर वेगाने आदळली आणि केवळ 66 सेंटिमीटरांत थांबली. पाय, कंबर आणि बरगड्या मोडूनही तो जगला व 1979 मध्ये पुन्हा शर्यतीत उतरला. हे ऐकल्यावर मेस्ताने मोटारीच्या नाकापुढे 3.3 सेंटिमीटर लांबीची पितळी पट्टी बसवली. ते अंतर जेमतेम दोन बोटे भरते, आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी त्या पट्टीविषयीच विचारतो.

उणिवाही सांगायला हव्यात. चवथीच्या मखरांच्या कामांमुळे प्रतिकृती ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा मिळाली, त्यामुळे मागणी नोंदवायची तर दिवाळीनंतर नोंदवावी. पुढचा पंख जाड झाला आहे. पावसाळी दमटपणाने लाकूड फुगून मागची चाके फिरेनाशी झाली होती, परंतु मेस्ताने ती मोबदला न घेता घासून दिली. साडेचार हजार रुपये मला जास्त वाटले नाहीत.

पर्ली 1985 साली कसरतीचे विमान समुद्रात कोसळून गेला. आता मी मार्च या कंपनीच्या 1973 सालच्या 731 या मोटारीच्या प्रतिकृतीची मागणी दिली आहे. झांडव्होर्टला विल्यमसन आणि पर्ली दोघेही त्याच बनावटीच्या मोटारी चालवत होते, त्यामुळे बैठकीवर दोन्ही नावे कोरायला सांगितली आहेत.