भरलेलं रीळ की सुटी दोरी? ग्रास कटर वापरणाऱ्यांसाठी

ग्रास कटरच्या हेडमधली नायलॉनची दोरी संपली की दुकानात तीन गोष्टी मिळतात. दोरी गुंडाळून आलेलं तयार रीळ, सुट्या दोरीचं भेंडोळं, किंवा दोरीसकट अख्खं नवं हेड. यातलं काय घ्यावं हे मशीन कोणतं आहे आणि गवत किती आहे यावर ठरतं. किंमत त्यानंतर बघावी.

घरामागच्या परसात बॅटरीवरचं किंवा विजेवरचं छोटं मशीन फिरवणाऱ्यांनी सरळ तयार रीळ घ्यावं, तेही आपल्याच मॉडेलचं. या मशीनमध्ये दोरी साधारण १.६ ते २ मिमी जाडीची असते, आणि अनेकांत ती आपोआप पुढे सरकते. तिथे गुंडाळी जराशी सैल किंवा वाकडी पडली की दोरी आत अडकते. कारखान्यातून आलेली गुंडाळी एकसारखी असते, आणि पैसे त्याचेच द्यायचे. दुसऱ्या कंपनीचं रीळ दिसायला तंतोतंत असलं तरी मधलं भोक किंवा खाच वेगळी निघू शकते. जुनं रीळ मात्र फेकू नका. हात बसला की त्यावर सुटी दोरी भरता येते.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या ग्रास कटरचं, म्हणजे ब्रश कटरचं, गणित वेगळं आहे. आंबा-काजूच्या बागेत पावसाळ्यानंतर बेणणी, म्हणजे वाढलेलं गवत, काढायची तर रिळात मावणारी काही मीटर दोरी बघता बघता संपते, आणि दर वेळी नवं रीळ घेणं परवडत नाही. इथे सुटी दोरीच घ्यावी. दोन भेंडोळ्यांची तुलना करताना वजनावर जाऊ नका, मीटरवर जा. नायलॉनच्या घनतेवरून हिशेब केला तर २.४ मिमीच्या गोल दोरीचे किलोला १९० मीटरच्या आसपास भरतात, ३ मिमीचे जेमतेम १२५. चौकोनी ३ मिमी दोरी तर शंभर मीटरही भरत नाही.

भरताना घाई नको. दोरी मधोमध दुमडून रिळाच्या खाचेत अडकवायची, दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात, रिळावरच्या बाणाच्या दिशेने, ताणून आणि शेजारी-शेजारी गुंडाळायचे. पदर एकमेकांवर चढले तर हेड जमिनीवर टेकवूनही दोरी सुटत नाही. रीळ काठोकाठ भरू नका. आणि हे सगळं इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून.

जाड दोरी जास्त टिकते म्हणून लोक ३ मिमी मागतात. ती टिकते हे खरं, पण २.४ च्या दीडपट वजनाची असल्यामुळे लहान इंजिनाचे फेरे कमी होतात, क्लच तापतो आणि गवत कापलं जाण्याऐवजी झोडपलं जातं. मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीपुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. गार्ड, म्हणजे दोरीवरचं संरक्षक झाकण, काढून काम करण्याची सवयही इथेच नडते. गार्डवरचं छोटं पातं वाढलेली दोरी छाटत असतं. ते नसलं की दोरी हवी तेवढी लांब होते आणि तोच भार इंजिनावर येतो. पायावर उडणारे खडे वेगळेच.

आकारात गोल दोरी सगळ्यात निभावून नेणारी. चौकोनी दोरीच्या कडा जून, दांडेदार गवत स्वच्छ कापतात, पण जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, घासली की त्या कडा लवकर झिजतात. पीळदार दोरीचा आवाज कमी येतो. बागेला सगळीकडून गडगा असेल तर मी गोलच घेईन.

फार स्वस्त दोरीत एक त्रास हमखास दिसतो: उष्णतेने रिळातल्या आतल्या फेऱ्या एकमेकींना चिकटतात. उन्हात पडून कडक झालेली दोरी मात्र लगेच टाकू नका. नायलॉन पाणी शोषतं. रात्रभर भिजवली तर तिचा ठिसूळपणा बराच कमी होतो.

नवं हेड तेव्हाच घ्या, जेव्हा जमिनीवर टेकणारं खालचं बटण झिजून आरपार गेलं असेल किंवा दोरी बाहेर येण्याच्या भोकांतल्या धातूच्या कड्या गळून पडल्या असतील. बऱ्याच ब्रश कटरचे आटे उलटे असतात, पण जाडी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) सारखे असतीलच असं नाही. म्हणून जुनं हेड सोबत न्यावं. दोरीऐवजी लोखंडी तार घालायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. तिचा तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

आणि नव्या कलमांच्या बुंध्याशी यातली कुठलीच दोरी नको. ती कोवळी साल सोलते, आणि साल गोलाकार निघाली तर कलम मरतं. तिथलं हातभर गवत विळ्यानेच काढावं.