धुवारीतली काच: हीटर, एसी की बोटभर उघडी खिडकी?

हिवाळ्यात महिन्यातून दोनदा तरी मला पहाटे पाचला वरूडहून अमरावतीला निघावं लागतं. आईची तपासणी असते, मागच्या सीटवर नातेवाइकांसाठी संत्र्याचे दोन क्रेट असतात आणि मोर्शीच्या आसपास अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यावरून आलेली धुवारी, म्हणजे धुकं, रस्त्यावर पसरलेली असते. तूरवाला तिला फुलोऱ्यासाठी भितो, मी समोरच्या काचेवर आतून धरणाऱ्या वाफेसाठी. डिझेल गाडी होती तोवर हा विषयच नव्हता. इंजिन तापलं की गरम हवा फुकटात मिळायची आणि काच साफ व्हायची. इलेक्ट्रिकमध्ये ती ऊबही बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते. म्हणून नवीन गाडीवाला भेटला की पहिल्या थंडीत विचारतोच, काचेचं काय करता?

काचेवर वाफ धरू नये म्हणून मारायचे फवारे आणि शेव्हिंग फोम यांचं आधी सांगून टाकतो. काचेला आतून फोम चोळून कोरड्या फडक्याने पुसला, तर साबणाचा पातळ थर राहतो आणि वाफेचे थेंब न बनता पाणी सारखं पसरतं. दोन-तीन दिवस चालतंही. पण समोरून ट्रकचा लाइट आला की अख्खी काच दुधाळ होते. मी दोन वेळा करून सोडून दिलं. तुमचं फिरणं दिवसाउजेडी असेल तर करून बघायला हरकत नाही.

खिडकी बोटभर उघडी ठेवायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. बॅटरीचा एक टक्काही जात नाही आणि एकटा माणूस असेल तर पुरतोही. कानाला मफलर बांधला की झालं. पण आई मागे बसलेली असली की दहाव्या मिनिटाला आवाज येतो, "काच लाव ना बाप्पा, कानात वारं घुसून राह्यलं." मग काच वर, की लगेच समोर पांढरं. शिवाय ट्रॅक्टरमागे लागलात तर सगळी धूळ आत.

आता खरी निवड हीटर आणि एसी यांच्यात. हीटर काच झटपट साफ करतो, यात वाद नाही. गरम काचेवर वाफ धरत नाही. पण तो साधारण 3 ते 5 किलोवॅट ओढू शकतो आणि हवेतलं पाणी मात्र काढत नाही. ते गाडीतच राहतं. चार माणसं तासाभर श्वास घेत बसली की अर्धा पेला पाणी तरी हवेत सोडतात. त्यात ओल्या पानांसकट संत्री, दवात भिजलेल्या चपला.

माझं मत तिथेच बदललं. एका पहाटे मोर्शी सोडल्यावर बॅटरीचे टक्के भराभर उतरताना दिसले. पुढे चार्जर चालू मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून हीटर बंद केला. दोन-तीन मिनिटं बरी गेली. मग कडेकडेने वाफ चढत चढत मधोमध आली. समोर कापसाने लादलेली ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रेडियम. ती दिसली तेव्हा ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. क्रेटमधली संत्री आईच्या पायाशी आली. त्यानंतर पुन्हा हीटर चालू, पुन्हा टक्क्यांकडे नजर, पुन्हा बंद. अमरावतीपर्यंत हाच खेळ. ही चालू-बंदची कटकट मला सोसली नाही. रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाईल ते अंतर, किती गेली त्यापेक्षा जास्त वैताग त्याचा होता.

तेव्हापासून मी एसी चालू ठेवतो. चहाच्या टपरीवर एकाने विचारलंच, "एवढ्या थंडीत एसी लावून राह्यला का भाऊ?" लावतो. एसीची थंड कॉइल हवेतलं पाणी धरून खाली टाकते. आपल्याकडच्या आठ-दहा अंशात कॉम्प्रेसर बिनतक्रार चालतो आणि थंडीत त्याला साधारण एखाद्या किलोवॅटच्या आतबाहेरच लागतं. सोबत तापमान 22 वर, हवा समोरच्या काचेवर आणि बाहेरची हवा आत येणारं बटण चालू. म्हणजे हीटर थोडा चालतोच, पण पूर्ण ताकदीने नाही.

बाहेरच्या हवेवर लोक अडतात. बाहेर एवढी धुवारी, ती आत कशाला घ्यायची? मलाही आधी तसंच वाटायचं. पण 10 अंशाच्या हवेत पाणी मावतंच कमी, घनमीटरला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. आतली 20 अंशाची हवा 17 ग्रॅमपर्यंत धरून बसते. म्हणून धुवारीतली ओली वाटणारी हवाही आत येऊन तापली की कोरडी पडते. रेंज वाचवायला आतलीच हवा फिरवत ठेवणं मात्र काचेला महागात पडतं.

एसीचीही एक खोड आहे. मध्येच बंद करून नुसता पंखा ठेवला, तर कॉइलवरचं पाणी हवेबरोबर उडून एका झटक्यात काच भरते. म्हणून लावला की पोचेपर्यंत बंद करायचा नाही. आणि फिल्टर बघा. सोयाबीनच्या मळणीनंतर माझा काढला तर भुशाने गच्च होता, हवा येणार कुठून?

दोन्हीत फरक किती? माझ्या एका खेपेच्या अंदाजाने एसीवाल्या दिवशी आठ-दहा टक्के जास्त उरतात. वारा, वजन, माझा पाय, सगळं त्यात आलं, त्यामुळे हे मोजमाप समजू नका. घरी लाइन असेल तर निघण्याआधी दहा मिनिटं गाडी चार्जरला लावलेली असतानाच मोबाइलवरून हीटर सुरू करतो. तेवढी ऊब घरच्या विजेवर येते आणि पुढे एसी पुरतो.

तुमचं जाणं-येणं मोर्शीपर्यंतच असेल आणि टक्के शिल्लकच राहत असतील, तर हीटर लावून मोकळे व्हा. मला अमरावती गाठायची असते, म्हणून मी एसीचा आहे.