सीझन पासचा एक अख्खा हंगाम: चालू राइड, बंद राइड आणि अर्धवट चालू राइड

मे ते ऑक्टोबर असा पूर्ण हंगाम थीम पार्कचा सीझन पास वापरून झाला, म्हणून आता सविस्तर लिहितो. पार्कचं नाव मुद्दाम देत नाही. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं, थंडीत कुलूप लागणारं पार्क आहे, आणि या बाबतीत ही सगळी एकाच माळेचे मणी. आम्ही चौघं: मी, बायको, ५४ इंच उंचीच्या पुढे गेलेली मुलगी आणि ४८ ला जेमतेम टेकलेला मुलगा (राइडवर उंचीच्या अटी असतात). जुलैत आई-बाबा नाशिकहून आले होते, तेही आले.

पैशांचं आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. पार्किंग धरून चार माणसांचा पास तिसऱ्या फेरीतच वसूल होतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्या राइडचा फोटो पासच्या जाहिरातीवर असतो, ती चालू सापडण्याबद्दल.

मे महिन्याचे पहिले शनिवार-रविवार सोडून द्या. हिवाळ्यात रोलर कोस्टरच्या ट्रेन रुळांवरून उतरवून पार सुट्या करतात. चाकं, बेअरिंग, अॅक्सल, सीटचे दांडे, सगळं निघतं. न दिसणारी भेग शोधण्यासाठी महत्त्वाच्या भागांची चुंबकीय पावडर लावून तपासणी होते. एखादा भाग बाद ठरला आणि तो युरोपातल्या कारखान्यातून यायचा असला, की ती राइड मेमध्येही बंदच. त्यात सकाळची थंडी. ग्रीस घट्ट, चाकं कडक, ट्रेन संथ. संथ ट्रेन पुढचा उंचवटा न चढता दोन चढांच्या मधल्या खोलगट भागात अडकू शकते, म्हणून ऊन वर येईपर्यंत रिकाम्या ट्रेन फिरवत बसतात. हे सगळं रास्त आहे, पण तिकीट मात्र तेवढंच.

शिवाय राज्याची तपासणी असते. पार्कातल्या कायमच्या राइडवर केंद्र सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा अधिकार १९८१ पासून नाही, जे काही करायचं ते राज्याने. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात हे काम शेती खात्याकडे आहे! आपल्याकडे जत्रेतल्या पाळण्याला तालुका कृषी अधिकाऱ्याने परवाना दिल्यासारखं वाटतं, पण तिथे पाळणे आधी शेतकी जत्रांतच लागायचे, त्यातून ते आलं. नॉर्थ कॅरोलिनात हेच काम कामगार खातं बघतं.

आता सगळ्यात मोठा मुद्दा, जो पास घेण्यापूर्वी मला कोणीच सांगितला नव्हता. बंद राइडपेक्षा एका ट्रेनवर चालणारी राइड जास्त छळते. २४ सीटची ट्रेन दर दोन मिनिटांनी सुटली तर तासाला ७२० माणसं जातात. एक ट्रेन शेडमध्ये गेली आणि चार मिनिटांनी एक सुटू लागली, की ३६०. ॲपवर राइड 'चालू' असते, रांग मात्र दुप्पट. बाबांनी एसटीच्या कार्यशाळेत नोकरी केलेली. ते रांगेत न येता मोठ्या कोस्टरच्या चढाखाली बाकावर बसले होते. ट्रेन मागे घसरू नये म्हणून चढावर खटके असतात, त्यांची खटखट ऐकत. आम्ही रांगेतून फोन केला तर म्हणाले, "अरे, मघापासून तीच लाल गाडी फिरतेय. दुसरी डॉकिंगला लावलेली दिसते. तुम्ही परत या." डॉकिंग म्हणजे एसटीच्या भाषेत देखभालीला लावणं. ॲपने ४५ मिनिटं सांगितली होती, आम्ही त्याच्या दुप्पट वेळ उभे होतो. त्यानंतर रांगेत शिरण्याआधी खाली उभं राहून किती रंगांच्या ट्रेन फिरतायत ते बघायची सवयच लागली. बाबा परत गेले तरी ती टिकली.

राइड अर्ध्यात थांबली तर काय करायचं, हेही हळूहळू कळलं. कोस्टरचा रूळ रेल्वेसारखाच ब्लॉकमध्ये वाटलेला असतो. एका ब्लॉकमध्ये एकच ट्रेन. एखाद्या सेन्सरने चुकीचा सिग्नल दिला तरी संगणक सगळं थांबवतो, आणि बहुतेक वेळा झालेलं असतं तेवढंच. अशा वेळी स्टेशनकडे लक्ष ठेवा. राइड चालवणाऱ्या पोरांनी कंट्रोल पॅनेल रीसेट करून रिकाम्या ट्रेन सोडायला सुरुवात केली, की थांबा, पंधरा-वीस मिनिटांत सुरू होतं. पण मेकॅनिक आला आणि त्याने पॅनेलला स्वतःचं कुलूप घालून किल्ली खिशात टाकली, तर सरळ बाहेर पडा. माणूस रुळावर असताना दुसऱ्या कोणाला राइड चालू करता येऊ नये म्हणून ते कुलूप असतं. तो परत येऊन ते काढत नाही तोवर काही हलत नाही. फाटकावर उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाला "किती वेळ लागेल?" विचारून उपयोग नाही, त्याला खरंच माहीत नसतं.

वीज चमकली की उघड्यावरचं सगळं बंद. यावर हुज्जत घालणारे बघितलेत, आपलेही बघितलेत. कृपा करून घालू नका.

कारण सुरक्षेपुरतं म्हणाल तर बंद ठेवणारं पार्क मला चालतं. शार्लटजवळच्या कॅरोविंड्स पार्कातल्या 'फ्युरी ३२५' या कोस्टरचं उदाहरण घ्या. ३२५ फूट उंच राइड. ३० जून २०२३ ला एका पाहुण्याने खालून व्हिडिओ काढला. खांबाला आरपार भेग, ट्रेन जाताना खांब हलतोय. राइड थांबली, खांब बदलला, चाचण्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये सुरू झाली. रोज सकाळी तपासणी होते असं सगळीच पार्कं सांगतात, तरी ही भेग दिसली ती रांगेबाहेरच्या माणसाला. शार्लटकडचे मित्र त्या उन्हाळ्यात पास असूनही कुरकुरले नाहीत. कारण सरळ सांगितलेलं होतं.

उलट उदाहरण ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कचं. 'टॉप थ्रिल २', ४२० फूट, मे २०२४ मध्ये मोठ्या गाजावाजाने सुरू झाली आणि काही दिवसांतच ट्रेनच्या कामासाठी बंद पडली. तो अख्खा हंगाम गेला, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. न्यू जर्सीतल्या 'किंगडा का'ची तऱ्हा आणखी वेगळी. ४५६ फूट, २००५ पासूनची, नखऱ्यांसाठी प्रसिद्ध. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेवटची फेरी होऊन गेल्यावर जाहीर केलं की आता ती कायमची बंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडली. एडिसनकडच्या एका मित्राने मुलाला उंची पुरेल तेव्हा नेऊ म्हणून थांबवलं होतं. तात्पर्य कशाला, एवढंच सांगतो की नव्या किंवा फार उंच राइडसाठी म्हणून पास घेऊ नका. झटक्याने सुटणाऱ्या राइड साखळीने चढ चढणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा बंद पडतात, हे आमच्या पार्कातही दिसलं. लाकडी जुनं कोस्टर मात्र हंगामभर इमानेइतबारे खडखडत राहिलं.

पार्कच्या वागण्याचे गुण मी कापतो ते इथे. ॲपवर 'चालू', फाटकावर साखळी, हे सर्रास. तक्रार खिडकीवर गेलं तर दुसऱ्या कुठल्यातरी राइडची रांग चुकवायची चिठ्ठी मिळते, परतावा नाही, कारण "कोणतीही राइड कधीही बंद असू शकते" हे पासच्या अटीत लिहिलेलं. सकाळी आठ वाजता मोटर काढून ठेवली असेल तर ती दुपारी बाराला चालू होणार नाही, हे त्यांना माहीत असतंच की. घरातून निघण्याआधी ॲपवर टाकायला काय जातं?

ऑगस्टच्या शेवटी कॉलेजं सुरू झाली की आणखी एक प्रकार. राइड धडधाकट, चालवायला माणूस नाही. सप्टेंबरपासून फक्त शनिवार-रविवार, त्यातही निम्मे खाण्याचे स्टॉल बंद, म्हणजे जेवणाचा प्लॅन पाण्यात. आईने केलेल्या दशम्या डिकीत होत्या, पार्किंगच्या बाकांवर बसून खाल्ल्या.

पुढच्या हंगामाचा पास घेतलाय, सगळ्यात साधा. जेवण नाही, रांग चुकवायला मनगटावर बांधायचा पट्टा नाही. तो पट्टा बंद राइडपुढे कुचकामी आणि एका ट्रेनच्या राइडवर बाकीच्यांचा जीव घेणारा. जाणार जूनमध्ये, मंगळवारी किंवा बुधवारी, आणि गेटवर शिरल्या शिरल्या आधी जाहिरातीतली राइड. ती चालू असेल तर तिथेच, नसेल तर लाकडी कोस्टरवर. ज्यांचं घर दोन तासांहून लांब आहे आणि जे वर्षातून एकदाच जाणार, त्यांनी पासच्या भानगडीत न पडता एका दिवसाचं तिकीट घ्यावं.