अ‍ॅपवाला डिजिटल वजनकाटा: ज्यांचं वजन सुजेमुळे वाढतं त्यांच्यासाठी रिव्ह्यू

या टाइपच्या काट्यांचे जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे वजन कमी करायला निघालेल्या लोकांचे आहेत, जिम, डाएट, महिन्यात इतके किलो उतरले वगैरे. माझी केस वेगळी आहे म्हणून सविस्तर लिहितेय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. म्हणजे किडनीची गाळणी लीक होते आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं, शिवाय किडनी मीठ धरून ठेवते, मग पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपून अंगात साचत राहतं. सकाळी डोळे सुजलेले, संध्याकाळी पाय, आणि जास्त वाढलं की पोट एवढं ताणतं की चार घासांत गच्च होतं आणि बूट बांधायला वाकलं तरी धाप लागते. त्यात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू, त्याने भूक भलतीच वाढते, चेहरा गोल होतो आणि पोटावर, मानेच्या मागे चरबी चढते. म्हणजे माझं वजन दोन वाटांनी वाढतं, एक पाण्याच्या आणि एक स्टेरॉइडच्या, आणि दोन्हीवर करायचं काय ते पूर्ण वेगळं आहे. पाणी वाढलं तर डॉक्टरांना फोन करायचा. चरबी वाढली तर घाबरायचं काही कारण नाही, ती हळूहळू बघता येते. आज वाढलंय ते कुठलं हे काटा सांगू शकतो का, एवढ्या एका प्रश्नासाठी मी तो घेतला.

उत्तर असं की काटा सांगतो, अ‍ॅप सांगत नाही.

आधी काट्याबद्दल. कमी-जास्त ५० ग्रॅमपर्यंत दाखवतो आणि लागोपाठ दोनदा उभं राहिलं तरी तोच आकडा येतो, मला हेच हवं होतं. खरं वजन अगदी अचूक आहे का यापेक्षा रोज एकाच पद्धतीने दाखवतोय का हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. चार कोपऱ्यांत सेन्सर आहेत त्यामुळे खाली कडक आणि सपाट फरशी पाहिजे, पायपुसण्यावर किंवा कार्पेटवर ठेवला की आकडा काहीही येतो. जागा बदलली तर एकदा पायाने दाबून चालू करून शून्य येऊ द्यायचं आणि मग चढायचं. वरची काच ओल्या पायांना घसरते, पाय सुजलेले असतील तर तोल तसाही नीट राहत नाही, म्हणून भिंतीला हात पोचेल अशा ठिकाणी ठेवा. अक्षरं मोठी आहेत, पोट पुढे आलेलं असलं तरी खाली आकडा दिसतो, हे ज्याला लागतं त्यालाच कळतं.

वजन करायची वेळ म्हणजे सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खायच्या-प्यायच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. असं केलं की पाण्याचं वजन लगेच ओळखू येतं कारण ते उडी मारतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, सरळ हिशोब. एका रात्रीत किलोभर चरबी चढूच शकत नाही, मग आदल्या दिवसापेक्षा किलोभर जास्त दाखवतोय आणि खाणं नेहमीचंच आहे तर ते बहुतेक पाणीच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डोळ्यांना सूज दिसायच्या आधी काट्याला दिसते. नडगीवर अंगठा दाबल्यावर खड्डा पडतो ना, तो पडायला लागेपर्यंत अंगात साधारण दोन-तीन लिटर पाणी साचलेलं असतं. काटा त्याच्या कितीतरी आधी सांगतो. माझ्या डॉक्टरांनी मला माझा आकडा ठरवून दिलाय, इतकं वाढलं की कळवायचं म्हणून. हार्ट फेल्युअरच्या पेशंटना साधारणपणे दिवसात किलोच्या वर किंवा आठवड्यात दोन-सव्वादोन किलोच्या वर वाढलं तर कळवायला सांगतात, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, आणि पाणी कमी करायच्या गोळ्या काटा बघून स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. स्टेरॉइड तर वजन वाढतंय म्हणून एकदम बंद करायचं नसतंच, ते हळूहळूच उतरवावं लागतं नाहीतर शरीराला झेपत नाही.

आता अ‍ॅप. इथे माझी खरी तक्रार आहे.

वजनाबरोबर ते चरबी किती टक्के, मसल किती, पाणी किती असे भरपूर आकडे दाखवतं आणि बहुतेक लोक त्याच्यासाठीच जास्त पैसे मोजतात. अंगात पाणी साचणाऱ्या माणसाला यातले बहुतेक आकडे निरुपयोगी आहेत. अनवाणी उभं राहिलं की पायांतून अगदी सूक्ष्म करंट जातो, पाण्यातून तो सहज जातो आणि चरबीतून अडखळत, त्यावरून अ‍ॅप बाकी सगळं अंदाजाने काढतं. तो अंदाज निरोगी शरीर धरून बांधलेला असतो. सूज असली की करंट सहज जातो आणि अ‍ॅपला वाटतं हे मसल आहे. पायांवर मोज्यांचे वळ उठलेले, बोटं इतकी सुजलेली की अंगठी निघत नाही, आणि त्याच सकाळी स्क्रीनवर हिरव्या रंगात मसल वाढलं, चरबी कमी झाली, छान प्रगती. नंतर औषधाने पाणी उतरलं, मी पहिल्यांदा नीट जिना चढले, आणि अ‍ॅप लाल रंगात सांगतंय की मसल घटतंय, प्रोटीन वाढवा. किडनीच्या पेशंटला प्रोटीन वाढवा हा सल्ला रिपोर्ट न बघता एक मशीन देतंय. याचा मला मनापासून राग आहे, कारण नवीन पेशंट हे खरं मानून चालेल.

दुसरं म्हणजे आलेख. अ‍ॅप आपोआप सात दिवसांची सरासरी काढून गुळगुळीत रेघ दाखवतं, डाएटवाल्यांना ते बरं पडतं कारण रोजचे चढउतार बघून ते निराश होत नाहीत. पण आपल्याला तो चढउतारच बघायचाय. दोन दिवसांत दोन किलो वाढले तरी त्या रेघेवर नुसता हलका चढ दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन रोजचा व्ह्यू लावा, पहिल्याच दिवशी लावा. पुढचं, टार्गेट वजन टाकल्याशिवाय अ‍ॅप पुढेच जात नाही आणि ते गाठलं नाही की नोटिफिकेशन येत राहतात. स्टेरॉइडच्या काळात आपल्याला आधीच सगळे जण जाड झालीस, फिरायला जात जा, रात्रीचं जेवण सोड असं सांगत असतात, त्यात सकाळी उठल्यावर फोनने पण तेच सांगायचं हे कुठल्याही आजारी माणसाच्या वाट्याला येऊ नये. मी फोनच्या सेटिंगमधून सगळी नोटिफिकेशन बंद केली आणि टार्गेटमध्ये आजचंच वजन टाकलं, तेव्हा कुठे शांतता मिळाली.

अ‍ॅपमधली एक गोष्ट मात्र खरंच चांगली आहे, सगळ्या नोंदी तारखेसकट एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात. मी त्याच्या शेजारी हाताने दोन रकाने वाढवलेत, बेंबीपाशी टेपने घेतलेलं पोटाचं माप आणि घरी पट्टीवर केलेली लघवीची टेस्ट, ती पट्टी प्रोटीन असलं की पिवळ्याची हिरवट होत जाते. ओपीडीत पाचच मिनिटं मिळतात, तेवढ्यात हा कागद समोर ठेवला की डॉक्टरांना सूज कधी सुरू झाली, डोस वाढवल्यावर किती दिवसांनी उतरली हे तारखेनिशी दिसतं, मला आठवून सांगावं लागत नाही. आणि वजन हळूहळू वाढतंय, पोटाचं माप वाढतंय पण पट्टी पिवळीच आहे, पायाला खड्डा नाही, तर ते स्टेरॉइडचं, हेही त्या कागदावरच उलगडलं. नुसत्या काट्यावर ते कळलं नसतं.

घेण्याआधी काही गोष्टी. पेसमेकर किंवा तसलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र शरीरात असेल तर करंटवाला काटा घेऊ नका, साधा डिजिटल घ्या, वजनाचं काम तोही तेवढंच चोख करतो. खरं सांगायचं तर माझ्यासारख्यांनाही साधा काटा आणि एक वही पुरेल, फोनवर आपोआप नोंद होते तेवढाच याचा फायदा, पण हातपाय गळालेल्या दिवसांत तोही मोठा वाटतो. बॅटरी उतरायला लागली की आकडे भरकटतात, तेव्हा अचानक मोठा फरक दिसला तर घाबरायच्या आधी घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी वजन करून बघा. आणि काटा काहीही म्हणो, एकच पाय जास्त सुजला आणि दुखायला लागला किंवा श्वास लागला तर थेट दवाखान्यात जायचं, नेफ्रोटिकमध्ये रक्ताची गुठळी व्हायची भीती असते आणि ते वजनात दिसत नाही.

रेटिंग वेगवेगळं देतेय, काट्याला पाचपैकी साडेचार, अ‍ॅपला दीड. कंपनीला मी लिहिलंय की आजार असलेल्यांसाठी टार्गेट आणि सल्ले बंद करायचं एक बटन द्या, आणि एका दिवसात ठरावीक आकड्याच्या वर वजन गेलं तर अलर्ट द्या, तो आकडा आमचे डॉक्टर सांगतील. सूचना संबंधित टीमकडे पाठवलीय असं उत्तर आलंय. पुढच्या अपडेटमध्ये ते बटन आलं तर इथे येऊन अ‍ॅपचे स्टार वाढवेन.