फेब्रुवारीत तीनशे कापायचं कळतं, २९ दिवस मात्र कळत नाहीत

हजेरी, शिफ्ट आणि पगाराचं सॉफ्टवेअर, सव्वा वर्ष वापरून. रेटिंग ५ पैकी अडीच.

कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच फोन सुरू होतात. मी भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये एचआर आणि अकाउंट्स दोन्ही बघते, ६२ माणसं, तीन शिफ्ट, गुरुवारी वीकली ऑफ. आधी मस्टर आणि एक्सेलवर चालायचं, मग मालकांनी हे घेतलं, फेस पंचिंगच्या मशीनसकट.

आधी चांगलं सांगते. चेहरा ओळखायला मशीन एक नंबर, तोंडाला ग्रीस लागलेलं असलं तरी ओळखतं. पीएफची फाइल सरळ अपलोड होते, ईएसआय म्हणजे कामगार विम्याची वर्गणी बरोबर कापतं, ओटी म्हणजे ओव्हरटाइमसुद्धा पगार भागिले २६ भागिले ८ गुणिले दोन असं चोख काढतं. आणि प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, हे त्याला न सांगता कळतं, मी एक्सेलमध्ये दरवर्षी विसरायचे. म्हणूनच जास्त राग आला ना, की ज्याला फेब्रुवारी आला हे टॅक्स कापताना बरोबर कळतं त्याला २०२४ च्या फेब्रुवारीला २९ दिवस आहेत हे कळू नये!

झालं असं की २०२४ च्या फेब्रुवारीचा पगार प्रोसेस केला. आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये पगार महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागायचा असं ठरलंय. सॉफ्टवेअरने हजेरी अधिक वीकली ऑफ अधिक शिवजयंतीची सुट्टी धरून पेड दिवस २९ बरोबर काढले, पण भागायचा आकडा फेब्रुवारी म्हणजे २८ असा आत कुठेतरी कायमचा बसवलेला. ज्याचा पगार १८,८५० त्याला १९,५२३ दाखवले, ६७३ रुपये जास्त, एकही खाडा नसलेल्या प्रत्येकाला असंच. मला बेरजेवरून शंका आली, कारण ओटी जानेवारीपेक्षा कमी आणि एकूण पगार जास्त कसा. बँकेची फाइल मी थांबवली, पण स्लिपा अ‍ॅपवर आपोआप जाऊन बसल्या होत्या.

मग काय, दुसऱ्या दिवशी सुधारलेल्या स्लिपा गेल्या आणि माझ्या टेबलासमोर रांग. "मॅडम, लीप इयरचे पैसे कुठे गेले?" आता महिन्याच्या पगारावरच्या माणसाला २८ असो की ३१ पगार तोच, हे एरवी सगळ्यांना माहीत असतं, पण एकदा ६७३ रुपये स्लिपवर दिसले की ते आपलेच वाटतात आणि त्यात त्यांची काय चूक. युनियनचे काका तर म्हणाले की जास्तीचा दिवस काम केलंय ना पोरांनी. मी कॅलेंडर पुढे केलं. या फेब्रुवारीत १, ८, १५, २२, २९ असे पाच गुरुवार, म्हणजे लीपचा दिवस आमच्याकडे सुट्टीतच गेला, कामाचे दिवस शिवजयंती धरून मागच्या वर्षीसारखेच २४. ज्यांच्याकडे रविवारी सुट्टी त्यांच्या हजेरीवाल्यांना याच हिशोबाने २५ हजेऱ्या मिळाल्या, आमच्या ठेकेदाराच्या पोरांना काहीच फरक नाही. काका हसले, म्हणाले, "देवाने दिवस दिला तो पण गुरुवारचा." खाडेवाल्यांचा हिशोब परत वेगळा करावा लागला, एका दिवसाचे ६५० कापायचे तिथे ६७३ कापले होते. ७ तारखेच्या आत पगार करायचा असतो, ६ ला रात्री साडेनऊला फाइल बँकेत गेली.

दुसरी गंमत शिफ्टची. चार पोरं एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर होती, कागदावर स्पष्ट लिहिलंय "१ मार्च २०२३ पासून एक वर्ष", म्हणजे शेवटचा दिवस २९ फेब्रुवारी. सॉफ्टवेअर एक वर्ष म्हणजे ३६५ दिवस मोजतं, ते आलं २८ ला. त्यातले दोघं २८ च्या थर्ड शिफ्टला होते, रात्री अकराला इन पंच झाला, सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आउटला चेहरा दाखवला तर लाल दिवा, "कर्मचारी इनॅक्टिव्ह". आउट नाही म्हणून त्या रात्रीची हजेरी शून्य! आठ तास मशीनवर उभं राहिलेल्या पोराने वॉचमनच्या वहीत सही करून जायचं, आणि ती वही दाखवून मी त्याची हजेरी लावायची, मग हे सगळं घेतलं कशाला?

सपोर्टबद्दल. टिकेट टाकलं, चॅटवरचा मुलगा नम्र होता, त्याने सांगितलं सेटिंगमध्ये "कॅलेंडर डेज" निवडा. ते निवडलेलंच होतं, मी स्क्रीनशॉट पाठवला. मग दोन दिवस शांतता. मग पॅच आला, पगाराचं नीट झालं, ३६५ चं अजून तसंच आहे. एक्सेलच बरं होतं असं मालक म्हणाले, पण खरं सांगू का, एक्सेलही काही धुतल्या तांदळाचं नाही, त्यात २९ फेब्रुवारी १९०० टाकून बघा, गुपचूप घेतं, आणि १९०० हे लीप वर्ष नव्हतंच. फक्त तिथे फॉर्म्युला माझ्या डोळ्यासमोर असतो, सेलवर क्लिक केलं की २८ ने भागलंय का २९ ने ते दिसतं. इथे आत काय चाललंय ते दिसत नाही, माझी मुख्य तक्रार हीच आहे. स्लिपवर "भागलेले दिवस" एवढा एक कॉलम दिला असता तर पहिल्याच स्लिपला पकडलं असतं.

आमच्याकडे एक ऑपरेटर २९ फेब्रुवारी २०२० ला जॉइन झालेला आहे. अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे सेवेचं वर्ष पूर्ण झालं की इन्क्रिमेंट. २०२४ ला त्याला अ‍ॅपवर फुग्यांचं कार्ड आलं, चार वर्षं पूर्ण, बरोबर. पण खाली "पुढील इन्क्रिमेंट: २९/०२/२०२८". तो मोबाइल घेऊन आला, काही बोलला नाही, नुसता स्क्रीन दाखवला. जॉइनिंग डेट बदलता येत नाही, पीएफला जुळणार नाही, म्हणून रिमार्कमध्ये हाताने लिहून ठेवलंय की याचं दरवर्षी १ मार्चला बघणे.

तुम्ही असलं काही घेणार असाल तर डेमोवाल्याला फेब्रुवारी २०२४ चा पगार समोर बसून काढायला लावा, एक खाडावाला, एक बिनखाड्याचा. मग २०२८ चा रोस्टर उघडायला सांगा, २९ तारखेला मंगळवार दिसला पाहिजे. आणि १ मार्च २०२३ पासूनचं एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट टाकून शेवटची तारीख बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आम्ही डेमोत फक्त चेहरा किती पटकन ओळखतो ते बघत बसलो होतो.

रिन्यूअलचा मेल आलाय, मागच्यापेक्षा जास्त रेट लावलाय. मी उत्तर दिलंय की आधी ३६५ चं नीट करा, मग रेटचं बोलू. अजून उत्तर नाही.