उत्तर आयर्लंड की बोस्निया?
भाचीला एमएच्या सेमिनारला भांडणाऱ्या जमातींमधल्या सत्तावाटणीवर बोलायचंय, उदाहरण कुठलं घ्यावं यात या दोनात अडलीये, काल कॉलेज रोडला मिसळ खाताना पेपर नॅपकिनवर दोन रकाने पाडले आणि म्हणाली मामा तूच सांग.

खुर्ची कोणाला? उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर प्रोटेस्टंट-कॅथलिक गटांचं मिळून सरकार, वर फर्स्ट मिनिस्टर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) आणि डेप्युटी, नाव डेप्युटी पण अधिकार सारखेच, आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचीही खुर्ची गेलीच. बोस्नियात युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारापासून तीन जणांचं अध्यक्षमंडळ, एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम), एक सर्ब, एक क्रोएट, प्रमुखपद दर ८ महिन्यांनी फिरतं. ज्यू किंवा रोमा (युरोपातली एक अल्पसंख्य जमात) असाल तर उभंच राहता येत नाही, २००९ ला युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने चूक ठरवलं तरी वर्षानुवर्षं तेच!

टिकाऊपणा म्हणाल तर बेलफास्टचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं, सरकार २०१७ ते २०२० ठप्प, परत २०२२ ते २०२४ ठप्प, पण उठून उभं राहतं. बोस्नियात बाहेरून नेमलेला आंतरराष्ट्रीय अधिकारी, हाय रिप्रेझेंटेटिव्ह, कायदेसुद्धा लादू शकतो, मग स्वराज्य कसलं.

मेहनत? बोस्नियात दोन स्वायत्त भाग, त्यातल्या एकात परत १० कॅन्टन म्हणजे छोटे प्रांत, नॅपकिन पुरला नाही.

वेळ कमी असेल आणि रुसवेफुगवे काढून गाडा कसा हाकतात ते दाखवायचं असेल तर उत्तर आयर्लंड घे. घटनेतच जमात लिहिली की काय होतं हे दाखवायचं तर बोस्निया, फक्त तक्ता मोठा आण.