गंगापूर रोडवरचं दातांचं क्लिनिक: इथे आधी जुना एक्सरे मागतात

आईच्या खालच्या दाढेत खूप जुनं फिलिंग आहे, त्याच्या खाली एक्सरेत काळा पट्टा दिसतो म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी डायरेक्ट रूट कॅनल सांगितलं होतं, दाढ ना दुखत होती ना तिला थंड-गरम लागत होतं तरी. म्हणून इथे आलो तर डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "काकू, या दाढेचा जुना एक्सरे आहे का घरी?" नशिबाने बाबांच्या फाइलीत ती छोटी फिल्म होती.

त्यांनी स्क्रीनवर नवीन एक्सरे घेतला, बाजूला जुनी फिल्म उजेडावर धरली आणि दाखवलं. पट्टा तेवढाच, तसाच, कडा एकदम रेखीव. कीड असती तर कडा धूसर असत्या आणि इतक्या वर्षांत पसरली असती. पूर्वी फिलिंगखाली कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पातळ थर द्यायचे, त्यात बेरियमसारखं जड काही नसेल तर तो एक्सरेत काळाच दिसतो आणि किडीसारखा वाटतो. झिंक असलेलं सिमेंट पांढरं दिसतं. 1972 च्या सुमारास आलेल्या ग्लास आयोनोमर या दातांच्या सिमेंटमध्ये मुळात ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम अशी हलकी मूलद्रव्यं, म्हणून साधं असेल तर एक्सरेत पांढरं उठून दिसत नाही, आता कंपन्या त्यात स्ट्रॉन्शियम वगैरे घालतात. एक्सरेत काय किती पांढरं दिसतं याचं मोजमाप ॲल्युमिनियमशी तुलना करून करतात, दाताचं डेंटीन (आतला थर) साधारण तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमइतकं दिसतं आणि इनॅमल (वरचं कठीण आवरण) त्याच्या दुप्पट. रूट कॅनल रद्द, दाढ तशीच ठेवली, फक्त वर्षाने परत एक्सरे काढायचा.

पण पलीकडच्या कॅपवाल्या दाढेचं उलटं निघालं. जुन्या फिल्ममध्ये कॅपच्या कडेला ती चिकटवणाऱ्या झिंक फॉस्फेट सिमेंटची पांढरी रेघ सलग होती, नवीनमध्ये एका बाजूला ती तुटलेली आणि तिथे काळी फट. हे सिमेंट लाळेत, त्यातून आंबट असेल तर, हळूहळू विरघळतं म्हणे. धातूच्या कॅपच्या आतलं एक्सरेत काहीच दिसत नाही, जे काय कळतं ते कडेलाच, म्हणून त्यांनी टोकदार हत्याराने कड तपासली तर ते फटीत अडकलं. कॅप काढली, खाली कीड नुकतीच सुरू झाली होती, साफ करून नवीन बसवली. बसवल्यावर परत एक्सरे, कारण जादाचं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर हिरडी सुजते, आणि सिमेंट एक्सरेत न दिसणारं असेल तर ते राहिलंय हेच कळत नाही. कोणतं सिमेंट वापरलं तेही कागदावर लिहून दिलं, हे मला फार म्हणजे फार आवडलं.

संध्याकाळी गर्दी असते, अपॉइंटमेंट असली तरी बसावं लागतं, पार्किंगही कठीण. एक्सरे मात्र लगेच व्हॉट्सॲपवर पाठवतात. घरात कोणाच्या दातांचे जुने एक्सरे पडले असतील तर ते घेऊनच जा.